लांब वायर की चौकटीचा लूप : गावात रात्री मीडियम वेव्ह ऐकायची तर

पोर्टेबल रेडिओला बाहेरून लांब वायर लावावी की लाकडी चौकटीवर वायरचा लूप गुंडाळावा, हे ज्यांचं ठरून नाही राहिलं त्यांच्यासाठी लिहितो. मी दोन्ही वापरले आहेत, समुद्रपूरकडच्या गावात, अन् माझं ऐकणं रात्रीचं, आकाशवाणीचं मुंबई 558 आणि पुणे 792 किलोहर्ट्झ.

वायरचं पहिले सांगतो. निंबाच्या झाडापासून घरापर्यंत 15 मीटर ताणली की शॉर्टवेव्ह खरंच खुलते. तिचं घराकडचं टोक भिंतीपासून थोडं दूरच ठेवलं, तिथून कोॲक्स केबलनं (डिश टीव्हीला असते तशी) आत आणलं, अर्थिंगचा रॉड ठोकला, तर एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर यांची घरघरही बरीच उतरते. फक्त मीडियम वेव्हला बहुतेक पोर्टेबलमध्ये वरच्या दांडीला वायर लावून फायदा नाही, ते स्टेशन आतल्या फेराइट रॉडवर (तार गुंडाळलेला काळा दांडा, तोच आतला अँटेना) येते, म्हणून वायरचे चार-पाच वेढे रेडिओभोवतीच द्यावे लागतात. अन् आभाळ आलं की वायर काढून बाहेर टाकायची, आपल्याकडे विजा कशा पडतात ते सांगायची गरज नाही.

पण माझ्यासाठी गोष्ट ठरली ती झटका मशीनवर. रानडुक्कर अन् रोह्यांपासून (नीलगाय) पीक वाचवायला उत्तरेकडच्या वावराच्या धुऱ्यावर झटका तार आहे, ती रात्रीच चालू असते म्हणजे नेमकी दूरचे स्टेशन यायच्या वेळेला, अन् दर सेकंदाला एक टक, टक, टक. पाऊस पडून गवत तारेला लागलं की ठिणग्या उडतात, मग तो टक बातम्यांमधला शब्दच खाऊन टाकते. शेजाऱ्याला मशीन बंद कर म्हणणं शक्य नाही, त्याचं वर्षाचं पीक आहे ते. वायर लावली तेव्हा मुंबई मोठी झाली, पण टकही तेवढाच मोठा झाला, अन् 300 किलोवॅटचं नागपूर 585 शेजारून 558 वर सांडायला लागलं ते वेगळं. वायरला दिशा फारशी कळत नाही, जे येईल ते आत घेते.

लूप म्हणजे साधारण 60 सेंटिमीटरची चौकट, तिच्यावर 10-12 वेढे अन् जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर, म्हणजे स्टेशन लावायला फिरवतात तो. रेडिओला जोडायचंही नाही, बाजूला ठेवून गँग फिरवायचा, स्टेशन एकदम उसळून येते. चौकटीची कड ज्या बाजूला, तिकडचं जोरात ऐकू येते, अन् चौकटीचं तोंड ज्या बाजूला तिकडचं दबते. मुंबई-पुणे माझ्या पश्चिमेला, झटका तार उत्तरेला, आणि नागपूरही जवळपास उत्तरेलाच, त्यामुळं चौकट थोडी फिरवली की टक अन् नागपूर दोन्ही एकाच वेळी खाली जातात. आतला फेराइट रॉडही तीच दिशा पाळतो, म्हणून रेडिओही सोबत फिरवावा लागते. टक पूर्ण जात नाही, तार लांब पसरलेली आहे, पण तो आवाजाच्या मागे राहते अन् निवेदकाचा शब्द सलग ऐकू येते. मला तरी एवढंच पाहिजे होतं.

लूपचा त्रासही आहे. स्टेशन बदललं की गँग परत जुळवा, अन् शॉर्टवेव्हला हा लूप कामाचा नाही. तुमचं स्टेशन अन् तुमच्याकडची घरघर एकाच दिशेला असतील तर चौकट कितीही फिरवा, दोन्ही सोबतच कमी होतील, तिथं मग घरापासून दूर नेलेली वायरच बरी पडू शकते. तुमच्या गावची गोष्ट वेगळी असू शकते, मी माझ्या कानानं सांगतो.

म्हणून काही घ्यायच्या आधी रात्री नुसता रेडिओ हातात धरून हळूहळू गोल फिरवून पाहा. एखाद्या कोनात घरघर बुडली अन् स्टेशन राहिलं तर लूपच करा, लाकूड अन् वायर घरीच निघेल, गँग तेवढा भंगारातल्या रेडिओतून काढायचा.