ब्यूटी अँड द बीस्टचं प्रौढ पुनर्कथन: नाशिकच्या वाचनगटांतला काही महिन्यांचा अनुभव

बापाने दिलेल्या शब्दापायी एका पशूच्या घरी राहायला गेलेली ब्यूटी आणि शेवटी राजपुत्र होणारा तो पशू, ही मूळ परीकथा. तिचं हे इंग्रजी पुनर्कथन पावसाळ्यात गंगापूर रोड आणि इंदिरानगरच्या वाचनगटांत फिरायला लागलं, आता उन्हाळा सुरू झालाय. गटांत सगळे अठरा वर्षांवरचे. पस्तिशी ते साठीतल्या बायका जास्त, पुरुष कमी. नायिका सव्वीस वर्षांची आहे आणि ते पहिल्याच प्रकरणात स्पष्ट लिहिलंय. असं पुस्तक निवडताना आधी हे तपासायचं, कारण परीकथांतल्या बऱ्याच नायिका वयाने मुलीच असतात. त्यांना तशाच उचलून प्रौढ कथेत बसवणारी पुस्तकं आम्ही हातातही घेत नाही.

इतक्या वाचकांच्या प्रतिक्रिया जमल्यावर एक गोष्ट पक्की झाली. पुस्तक आवडणं न आवडणं शय्येच्या प्रसंगांवर फारसं ठरत नाही. ते नायिकेच्या ‘नाही’वर, म्हणजे पशूला ती देत असलेल्या नकारावर ठरतं. लेखिकेने ते ‘नाही’ मन लावून लिहिलंय म्हणून पुस्तकाचे पहिले दोन भाग उभे राहतात. तिसऱ्या भागात लेखिकेलाच त्याचा विसर पडतो आणि तिथेच वाचक सुटतात.

पहिला आक्षेप सगळीकडे सारखाच येतो: लहान मुलांची गोष्ट बाटवली. त्यावर वाद घालत बसू नये, मूळ गोष्टीचा इतिहास समोर ठेवावा. आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात 1991 चा डिस्नेचा चित्रपट असतो. छापील गोष्ट मात्र 1740 ची. मादाम द व्हिलनव्ह हिने ती मोठ्यांसाठी लिहिली, शंभराहून जास्त पानांची. तिच्यात पशू ब्यूटीला रोज रात्री सरळ विचारतो, माझ्यासोबत निजशील का? ती नाही म्हणते आणि तो निघून जातो. पुढे 1756 मध्ये मादाम द बोमाँ हिने मुलींना शिकवण्यासाठी हीच गोष्ट थोडक्या पानांत बसवली आणि प्रश्न बदलला: माझ्याशी लग्न करशील का? जगभर पसरली ती ही दुसरी आवृत्ती. म्हणजे शृंगार नंतर कुणी घुसडलेला नाही, आधी काढून टाकलेला होता. एवढं कळलं की विरोध करणारेही निदान पुढचं पान उलटतात.

म्हणून वाचायचा क्रम महत्त्वाचा. आधी बोमाँची गोष्ट, अर्ध्या तासात होते. तिचे आणि व्हिलनव्हचे हक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे हक्क संपलेल्या जुन्या अनुवादाच्या प्रती काढून वाटायला हरकत नाही. पुनर्कथनाची झेरॉक्स मात्र काढू नये, विकतच्या चार-पाच प्रती आळीपाळीने फिरवाव्यात. बोमाँनंतर व्हिलनव्हमधला रात्रीच्या प्रश्नाचा भाग, आणि मग पुनर्कथन तीन बैठकांत: पहिल्या नकारापर्यंत, तिथून ती माहेरी जाईपर्यंत, आणि परतीपासून शेवटपर्यंत. सलग एका दमात वाचून आलेल्यांना शेवटचाच राग आठवतो, आधीचं चांगलं ते विसरून गेलेले असतात.

प्रतिक्रिया तोंडी मागितल्या की पहिली दहा मिनिटं कुणी बोलत नाही, आणि नंतर जो मोठ्याने बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं होतं. त्यापेक्षा पेन्सिल द्यावी. समासात तीनच खुणा: आवडलं तिथे टिंब, खटकलं तिथे फुली, परत वाचलं तिथे उभी रेघ. नाव नाही, तारीख नाही. प्रत परत आल्यावर खुणा वेगळ्या वहीत पानवार उतरवून घ्यायच्या आणि खोडून टाकायच्या, नाहीतर पुढचा वाचक आधीच्याच्या डोळ्यांनी वाचतो. पेन देऊ नये, आणि पेन्सिल मऊ घ्यावी. कडक पेन्सिलीची रेघ खोडली तरी कागदावर ओरखडा राहतो.

सगळ्यात जास्त उभ्या रेघा कुठे पडल्या? पहिल्या मीलनाच्या पानावर पडतील असा आमचा कयास होता. पडल्या त्या उंबरठ्याच्या प्रसंगावर. पशू दाराबाहेर उभा आहे, दिवा त्याच्या मागे, त्यामुळे चेहरा दिसत नाही. तो रोजचा प्रश्न विचारतो, ती नाही म्हणते. तो पंजा चौकटीवरून काढून घेतो आणि जाताना कडी आतल्या बाजूला असल्याची तिला आठवण करून देतो. ती कडी लावते. पुढच्या रात्री पुन्हा लावते. त्याच्या पुढच्या रात्री हात कडीवर ठेवून ती तशीच उभी राहते. प्रसंग जेमतेम दीड पानाचा, कुणी कुणाला स्पर्श केलेला नाही, आणि समास रेघांनी भरलेला. नकार पाळला जाईल याची खात्री पटली की वाचकाच्या मनातला ताण भीतीचा न राहता ओढीचा होतो. शृंगारकथा लिहू पाहणाऱ्यांनी हे दीड पान नीट अभ्यासावं.

त्याच प्रसंगावर फुल्याही आहेत आणि त्या दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. आक्षेप असा: बापाने एका गुलाबापायी शब्द दिला म्हणून ही बाई तिथे आलीय. परत जायची सोय नाही. मग कडी आतून असली काय नि बाहेरून असली काय, तिच्या होकाराला किती किंमत द्यायची? पन्नाशीपुढच्या बायका इथे सर्वांत जास्त बोलल्या. वडिलांनी शब्द दिला, अनोळखी घरात पाठवणी झाली, आणि त्या घरातल्या माणसाची ओळख नंतर, अंधारात, असंच त्यांच्या पिढीत अनेकींचं झालं. बोमाँची गोष्ट ठरवून होणाऱ्या लग्नासाठी मुलींचं मन तयार करते, असं अभ्यासक सांगतात. या बायकांना ते कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. तरुण वाचकांना हे पुस्तक म्हणजे कल्पनारम्य गोष्ट वाटते, त्यांना ते ओळखीचं वाटलं. दोन्ही वयांचे वाचक एकाच गटात असतील तरच ही चर्चा रंगते. वयानुसार गट पाडू नयेत.

काहींनी ‘नागमंडल’ची आठवण काढली आणि ती चपखल आहे. गिरीश कर्नाडांच्या त्या नाटकात रात्री येणारा नाग नवऱ्याच्या रूपात येतो, राणी नावाच्या नायिकेला तो कोण हे ठाऊक नसतं. इथे नायिकेला समोर पशू आहे हे पहिल्या रात्रीपासून माहीत आहे. तिची ओढ फसवणुकीतून आलेली नाही. त्यामुळेच शेवट जास्त बोचतो.

शेवट म्हणजे रूपांतर. अडीचशे पानं लेखिकेने आयाळ, घोगरा आवाज, पंजाचं वजन, अंगाचा पावसात भिजलेल्या लोकरीसारखा वास असं एकेक करून वाचकाला त्या देहाची सवय लावली. आणि मग एका परिच्छेदात गुळगुळीत चेहऱ्याचा राजपुत्र हजर. लगेच शय्येचा मोठा प्रसंग, आणि त्यात प्रश्नच नाही! रोज रात्री विचारणारा माणूस, माणूस झाल्याबरोबर विचारायचं सोडून देतो. फुल्यांचा ढीग या पानांवर आहे. वर्णन भडक म्हणून पडलेल्या फुल्या थोड्या. बहुतेक फुल्या ‘हा कोण?’ या भावनेच्या. व्हिलनव्हने हे जास्त शहाणपणाने हाताळलं होतं. तिच्याकडे देखणा अनोळखी तरुण आधीपासून ब्यूटीच्या स्वप्नात येत असतो, त्यामुळे सकाळी शेजारी तोच दिसला की धक्का बसतो पण ओळख असते. पुनर्कथनाने स्वप्नं गाळली आणि त्यांच्या जागी काही ठेवलं नाही.

दुसऱ्या भागातला दोष किरकोळ: मधले तीन प्रसंग एकाच चालीचे. ग्रंथालय, चुंबन, वादळ, चुंबन. खुणा इथे विरळ होत जातात, म्हणजे वाचक पानं चाळतायत. बोमाँमधल्या बहिणी ब्यूटी पशूकडे जायला निघते तेव्हा डोळ्यांना कांदा चोळून खोटं रडतात, ते पुनर्कथनात गाळलंय. लासलगावच्या इतक्या जवळ राहणाऱ्या वाचकांनी त्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

‘गाथासप्तशती’ हा छोट्या प्राकृत गाथांचा जुना संग्रह वाचलेल्यांची तक्रार वेगळी. गोदेच्या काठावरची ती बाई दोन ओळींत, वाटसरूला झोपायची जागा दाखवता दाखवता, सगळं सांगून जाते. त्यापुढे इथली चार-चार पानांची वर्णनं पसरट वाटतात, हे खरंच आहे. उंबरठ्याचं दीड पान तेवढं त्या गाथांच्या जवळ जातं.

व्यवहारातल्या काही गोष्टी. गटात शय्येचे प्रसंग मोठ्याने वाचू नयेत. वाचणारा अवघडतो, ऐकणारे हसतात आणि चर्चा तिथेच मोडते. पान क्रमांक सांगून मनात वाचायला पाच मिनिटं द्यावीत. पहिल्याच बैठकीत सांगून टाकावं की कथेत डांबून ठेवणं आहे, एक जखमेचा प्रसंग आहे, आणि कुणीही कुठल्याही पानावर थांबू शकतं. ई-पुस्तक घेणाऱ्यांनी घरातलं सामायिक खातं वापरू नये: मुखपृष्ठ मुलांच्या टॅबवरही झळकतं आणि अधोरेखित केलेल्या ओळीही तिथे पोहोचतात. ऑडिओ आवृत्ती ऐकत असाल तर गाडीत बसण्याआधी फोनचं ब्लूटूथ बंद करा, गाडी सुरू होताच आवाज स्पीकरवर जातो.

कायद्याबद्दल कुणीतरी विचारतंच. दिवाळी अंकातल्या एका मराठी कथेवरच्या अश्लीलतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये लेखकाला निर्दोष सोडलं होतं. आता भारतीय न्याय संहितेचं 294 वं कलम लागू आहे, साहित्य आणि कलेसाठीचा अपवाद त्यातही आहे. अठराच्या आतल्यांना अश्लील ठरणारं साहित्य देणं मात्र 295 व्या कलमाखाली वेगळा गुन्हा आहे, म्हणून प्रती नोंद ठेवूनच द्याव्यात आणि बैठकीनंतर परत घ्याव्यात.

पाचपैकी साडेतीन गुण. पहिल्या दोन भागांना साडेचार देता येतील. डांबून ठेवण्याच्या कथा ज्यांना सोसत नाहीत त्यांनी घेऊ नये, उंबरठ्याचा प्रसंगही त्यांना दिलासा देणार नाही. नवा गट सुरू करत असाल तर तिसऱ्या भागाआधी वाचकांना कोरा कागद देऊन विचारा की तुम्ही शेवट कसा केला असता. आमच्याकडे आलेल्या उत्तरांत पशू पशूच राहिल्याचे शेवट सर्वांत जास्त होते, आणि त्यातल्या बहुतेकांत तो रात्री दाराशी येऊन प्रश्न विचारत होता.