शीळफाट्याजवळचं चारा-दाण्याचं दुकान, घोडीवाल्यांनी एकदा जाऊन या

घोडी पाळणाऱ्यांसाठीच लिहितोय, बाकीच्यांनी वाचलं तर वाचा. ठाणे जिल्ह्यातल्या शीळफाट्यावरून महापेकडे वळलं की थोडं आत हे दुकान आहे, बोर्ड धड नाही, पत्र्यावर 'पशुखाद्य मिळेल' एवढंच रंगवलंय, त्यामुळे पहिल्यांदा जाणारा पुढे निघून जातो.

आमच्याकडे वरातीच्या दोन घोड्या, दिवा गावात. तुळशीचं लग्न लागलं की धंदा चालू, आषाढात बंद, आणि चातुर्मासात घोडी काही उपास धरत नाही. चारशे किलोच्या जनावराला वजनाच्या दोन टक्के धरलं तरी रोज ८ किलो सुकं खाद्य लागतं, त्यात निम्म्याच्या वर वैरण पाहिजेच, दाणाच कोंबला तर पोटशूळ उठलाच समजा. त्यामुळे भाव वाढले म्हणून हात आखडता घ्यायची सोय नाही, काय घ्यायचं आणि कसं मोजून घ्यायचं एवढंच आपल्या हातात.

आणि या दुकानाची खरी गंमत तिथेच आहे, सगळं काट्यावर. आमच्या भागात एक जण लसूण घास (ल्यूसर्नचा चारा) पेंडीवर विकतो, पेंडी दर महिन्याला बारीक होते आणि भाव तोच, विचारलं तर म्हणतो डिझेल वाढलं. इथे सुक्या घासाचा गठ्ठा आधी काट्यावर चढतो, मग दुकानवाले काका सुतळी कापून मधे कोपरापर्यंत हात घालतात आणि हात बाहेर काढून वास घेतात. आतून गरम लागला किंवा बुरशीचा वास आला की गठ्ठा बाजूला, आपल्याला बोलावं पण लागत नाही. बुरशीचा चारा स्वस्तात मिळाला तरी घोड्याला चालत नाही, डॉक्टरचं एक बिल सगळी बचत खाऊन जातं.

दुसरं म्हणजे जव. वडिलांच्या वेळेला चंदी (घोड्याचा दाणा) म्हणजे हरभरा, दुसरा विषयच नाही. पण २०२५-२६ चा हमीभाव बघा, हरभरा ५६५० रुपये क्विंटल आणि जव १९८०, म्हणजे सरकारी भावातच जवळपास तिपटीचा फरक. मी तोबऱ्यात (घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) आता बराचसा जवच घालतो, हरभरा भिजवून मूठभर, प्रोटीनची बाकी भर लसूण घास काढतो. फक्त जव अख्खा दिला तर बराचसा लिदीतून तसाच बाहेर येतो आणि गिरणीत नेला तर तो बाबा सरळ पीठ करून हातात देतो. इथे भरडायचं मशीन आहे. मी म्हटलं काका जरा जाड ठेवा, तर म्हणाले, "आधी चिमटीत धरून बघ, मग पोतं भरतो." असा दुकानदार हल्ली कुठे मिळतो. (जव एकदम चालू करू नका हां, आठ-दहा दिवसात हळूहळू वाढवा.)

गव्हाचा कोंडा पण चांगला असतो, किडा नाही, पण भाव परवडतो म्हणून त्याच्यावरच भागवू नका. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, हाडांची वाट लागते. सोबत लसूण घास हवाच.

आता तक्रार. काका नसले की गल्ल्यावर पोरगा बसतो आणि तो घोड्यासाठी म्हणून म्हशीच्या गोळी पेंडीचं पोतं पुढे करतो, "घ्या ना दादा, स्वस्त आहे." अजिबात घेऊ नका. गाई-म्हशींच्या काही खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, म्हशीला चालतं पण घोड्याच्या हृदयावर जातं, थोड्यात जनावर दगावतं. हे काकांच्या कानावर घातलंय, ते पोराला बोलले पण, तरी पोत्यावरचं लेबल आपण स्वतः वाचलेलं बरं.

भाव वाशीच्या दाणा मार्केटपेक्षा किलोमागे थोडा जास्तच पडतो हे खरं, पण तिथे घाऊक माल, वर टेम्पोचं भाडं आणि पावसात एवढी पोती ठेवायची कुठे, आमच्या तबेल्याला तर खालून पण ओल येते. दोन-चार घोडी असलेल्याला इथूनच परवडतं. दहा-बारा घोडी असतील तर सरळ वाशी गाठा.

सकाळी लवकर जा, नंतर शीळ रोडचं ट्रॅफिक माहितीये सगळ्यांना. जीपे चालतं, उधारी नाही. आणि रिकामी पोती घरून न्या, पोत्याचे पैसे वेगळे लावतात.