कॉइल की अल्ट्रासाउंड? इम्प्लांटला वीज पोचवताना

शरीरात बसवायच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या इम्प्लांटमध्ये बॅटरीला जागाच उरत नाही, त्यामुळे वीज बाहेरून पाठवावी लागते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हा विषय घेणारे बहुतेक जण थेट कॉइल, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातून वीज पोचवणारं तारेचं वेटोळं, गुंडाळायला बसतात. त्याआधी एकच गोष्ट ठरवा: यंत्र कातडीखाली किती खोल बसणार?

काही मिलिमीटरच असेल तर डोळे झाकून कॉइल घ्या. ऐकू येण्यासाठी बसवतात ते कॉक्लिअर इम्प्लांट असंच चालतं. बाहेरची कॉइल लोहचुंबकाने कानामागे चिकटते, आतली तिच्या समोर असते आणि वीज व माहिती एकाच वाटेने जातात. १३.५६ मेगाहर्ट्झवर काम केलंत तर मेट्रो कार्डवाल्या जगातले स्वस्त सुटे भाग वापरता येतात. आतून निरोप द्यायला ट्रान्समीटरही लागत नाही. आतल्या सर्किटचा भार कमी-जास्त केला की बाहेरच्या कॉइलला ते कळतं.

खोली वाढली की मात्र रडकथा सुरू. दोन कॉइलच्या मध्ये चिकनचा तुकडा ठेवा, एलईडी लख्ख पेटेल. आता आतली कॉइल दोन मिलिमीटरची करा आणि तुकड्यांची चळत पाच सेंटिमीटरपर्यंत रचा. दिवा मिणमिणेल, आणि कॉइल जरा तिरकी झाली की गुल. कॉइलच्या आकाराच्या मानाने अंतर मोठं झालं की चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं, त्याला इलाज नाही.

इथे अल्ट्रासाउंड सरस ठरतं. २ मेगाहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी मांसात जेमतेम पाऊण मिलिमीटर असते, म्हणून एवढ्याशा पिझो स्फटिकावरही (कंपनांची वीज करणारा स्फटिक) झोत नेमका धरता येतो. बर्कले विद्यापीठाच्या 'न्यूरल डस्ट' या इवल्याशा इम्प्लांटने २०१६ मध्ये उंदराच्या मज्जातंतूचे संकेत बॅटरीशिवाय, परतणाऱ्या प्रतिध्वनीतून बाहेर आणले. हृदयाच्या डाव्या कप्प्याला अल्ट्रासाउंडने चालना देणाऱ्या 'वाइझ' यंत्रणेला २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) मंजुरीही मिळाली.

पण नखरे फार. हाड आणि हवा दोन्ही ध्वनीला अडवतात. बरगड्यांमधली फट शोधावी लागते, फुप्फुसाआडचं तर विसराच. कातडीवर लावलेलं जेल वाळलं तरी सिग्नल तुटतो. कोडमध्ये चूक शोधत बसण्याआधी जेलमध्ये बुडबुडा नाही ना, ते बघा. उत्तर परतायलाही वेळ लागतो: पाच सेंटिमीटर जाऊन येण्यात सुमारे ६५ मायक्रोसेकंद.

गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींचा तिसरा मार्गही आहे. स्टॅनफर्डमध्ये २०१४ साली सशावर त्याचा प्रयोग झाला. पण अँटेनाचं गणित आणि ऊती तापण्याची मर्यादा सांभाळणं एका सेमिस्टरचं काम नव्हे.

माझं मत: मनगटातल्या नसेसाठी कॉइल, पोटात खोलवर अल्ट्रासाउंड. मात्र अल्ट्रासाउंड निवडण्याआधी विभागात हायड्रोफोन (पाण्यातला ध्वनी मोजणारा माइक) आणि पाण्याची टाकी आहे का ते विचारा. निदानासाठीच्या अल्ट्रासाउंडला एफडीएची मर्यादा चौरस सेंटिमीटरला ७२० मिलिवॉट आहे, आणि हायड्रोफोनशिवाय तुमचा झोत तिच्या आत आहे की बाहेर, हे परीक्षकाला दाखवता येणार नाही.