ठासणीच्या बंदुकीच्या दारूसाठी फणसाची पेटी: एक पावसाळा वापरल्यावर

आधी तक्रार. स्क्रू, बिजागऱ्या, कडी सगळं पितळेचं हवं, असं मिस्त्रीला बजावून सांगितलं होतं आणि पैसेही पितळेचेच मोजले. गणपतीच्या साफसफाईत स्क्रूला लोहचुंबक लावून पाहिलं, तर चटकन चिकटलं. वर पिवळा मुलामा, आत लोखंड! बिजागऱ्या तेवढ्या खऱ्या निघाल्या.

काळी दारू ठिणगीवर पेटते म्हणून तिच्याजवळ लोखंड नको, हे शेतसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेल्यांना सांगायला नकोच. भावोजी म्हणतात, "लाकडात बुडालेला स्क्रू घासणार कशाला?" बरोबर आहे. पण भावातला फरक माझ्या खिशातून गेला त्याचं काय? फोन केला की मिस्त्री "बघतंय" म्हणतो आणि ठेवून देतो.

आता पेटीबद्दल. अमेरिकेतल्या एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा नियमांत घरातली काळी दारू निदान १ इंच जाडीच्या लाकडी पेटीत किंवा कपाटात ठेवायला सांगितलंय, तेच माप मी दिलं. सागवान परवडेना, फणसाच्या फळ्या घरच्याच होत्या. आमच्याकडे अजून कित्येक जण दारू लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवतात आणि त्यालाच सुरक्षित समजतात. ही दारू उघड्यावर भपकन जळून जाते. जाड पत्र्यात कोंडली तर वायूला वाट मिळत नाही आणि कपाटाचाच बॉम्ब होतो. लाकूड लवकर फाटतं, शिवाय बाहेर आग लागली तर तिची धग आत पोचायला वेळ लावतं.

झाकणाबद्दल माझं मत मधेच बदललं. श्रावणात ते इतकं फुगलं की दोन्ही हातांनी उपसावं लागायचं. मिस्त्रीचं उत्तर: "पावसात लाकूड फुगताच, तेका मी काय करू?" तरी येऊन रंधा मारून गेला. (पेटी तेव्हा रिकामी करून अंगणात ठेवली होती.) दसऱ्यानंतर लाकूड सुकलं आणि झाकण खडखडू लागलं. पुन्हा भांडायच्या तयारीत होतो. मग वाटलं, आत काही पेटलंच तर सैल झाकण आधी उडेल, हे उलट बरं. आता ते तसंच राहू दे. मुलांसाठी छोटं कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे.

दमटपणा पेटी रोखत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. ते काम दुकानातून आलेल्या मूळ डब्याच्या घट्ट बुचाचं. सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवतो, डब्यात नाही. एकदा भिजलेल्या दारूतला सोरा विरघळून बाजूला होतो, मग वाळवूनही ती पूर्वीसारखी होत नाही. चुलीपाशी शेकवणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार. केपा (घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या छोट्या टोप्या) दुसऱ्या खोलीत, वेगळ्या डबीत.

जागा पडवीतली, भिंतीला धरून. चूल, सिलिंडर, समई आणि इन्व्हर्टर, सगळ्यांपासून लांब. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, दारू मात्र घरातच राहते. म्हणून पेटीवर जरा जास्त खर्च झाला तरी मला चालतो. परवान्यावर लिहिलंय त्याहून जास्त दारू मी आणत नाही, त्यामुळे पेटीत बरीच जागा रिकामी आहे. पुढची पेटी करणाऱ्याने माप थोडं लहान द्यावं, फळी वाचेल.

पाचपैकी चार. एक स्क्रूंचा कापला. खरे पितळी स्क्रू आता मीच कुडाळहून आणलेत. ते बसवायची मजुरी मिस्त्रीला देणार नाही.