रोलीफ्लेक्स घ्यावा की हॅसलब्लाड?

120 या रुंद रोल फिल्मवर चौरस छायाचित्रे काढायचे ठरवून जुना कॅमेरा शोधू लागले की बहुतेकदा दोन नावांपाशी गाडी अडते: जर्मनीतील ब्राउनश्वाइगचा रोलीफ्लेक्स आणि स्वीडनमधील हॅसलब्लाड. दोन्हींची निगेटिव्ह सुमारे 56 मिमी बाजूची, म्हणजे 35 मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून मोठी असते आणि एका रोलवर बारा छायाचित्रे येतात. रोलीफ्लेक्स 2.8एफ आणि हॅसलब्लाड 500सी या दोन्हींसाठी झाइस या जर्मन कंपनीची 80 मिमी प्लॅनर लेन्स मिळते. त्यामुळे कोणाचे चित्र अधिक रेखीव, या वादात वेळ दवडू नये. खरा फरक बांधणीचा आहे, आणि तो दोघांच्या इतिहासातून आलेला आहे.

फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यातून रोलीफ्लेक्स 1929 मध्ये बाहेर पडला. वरच्या लेन्समधून पाहायचे आणि खालच्या लेन्सने चित्र घ्यायचे, अशी त्याची रचना आहे. आरसा जागचा हलत नाही, त्यामुळे आवाज अगदी कमी होतो, शटर उघडे असतानाही विषय दिसत राहतो आणि मंद गतीलाही कॅमेरा हातात स्थिर राहतो. 1937 च्या ऑटोमॅट मॉडेलने फिल्म भरण्याचे कामही सोपे केले: कागदाचे टोक दोन बारीक रुळांमधून ओवायचे, झाकण लावायचे आणि बाजूचा दांडा फिरवायचा. कागदाला फिल्म जिथे चिकटवलेली असते तिथली वाढलेली जाडी रुळांना कळते आणि पहिली चौकट आपोआप जागेवर येते. पन्नासहून अधिक वर्षांच्या कॅमेऱ्यातही ही यंत्रणा अचूक चालताना पाहिली की तिच्या कारागिरांबद्दल आदर वाटतो.

उणीव एकच, पण मोठी: लेन्स बदलता येत नाही. 1959 मध्ये 135 मिमीचा टेली रोलीफ्लेक्स आणि 1961 मध्ये 55 मिमीचा वाइड रोलीफ्लेक्स आला, पण ते स्वतंत्र कॅमेरे होते आणि आज त्यांच्या किमती संग्राहकांनाच परवडतात. शिवाय सुमारे एक मीटरपेक्षा जवळ जायचे तर पुढे जोडभिंगे लावावी लागतात.

व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी नेमकी हीच अडचण दूर केली. लेन्स, फिल्मचे मॅगझिन (फिल्म ठेवायची डबी) आणि व्ह्यूफाइंडर असे सर्व काही सुटे करता येणारा 1600एफ त्यांनी 1948 मध्ये आणला, परंतु त्याचे पातळ धातूच्या पडद्याचे शटर नाजूक ठरले. 1957 च्या 500सीमध्ये शटर लेन्समध्येच बसवले गेले आणि हा कॅमेरा स्टुडिओंमध्ये रुळला. 1962 मध्ये अंतराळवीर वॉल्टर शिरा यांनी ह्यूस्टनच्या दुकानातून घेतलेला 500सी अंतराळात गेला, आणि पुढे अपोलो मोहिमांतून हॅसलब्लाड चंद्रावर पोहोचला. लेन्समधील शटरमुळे 1/500 सेकंदापर्यंत कोणत्याही गतीला फ्लॅश जुळतो. मात्र तीन लेन्स घेतल्या की देखभालीसाठी तीन शटर झाली, हा खर्च घेणाऱ्याच्या लक्षात सहसा उशिरा येतो. बॉडी आणि लेन्स दोन्हींच्या यंत्रणेची स्प्रिंग चढवून ती पुढच्या चित्रासाठी सज्ज असतानाच जोडावीत. नाहीतर कॅमेरा अडकतो. शिवाय यात पाहणे आणि चित्र घेणे एकाच लेन्सने होते, म्हणून चित्र घेताना आरसा वर उचलला जाऊन दणका देतो आणि पुढची फिल्म ओढेपर्यंत परतत नाही.

माझे मत स्पष्ट आहे: रस्त्यावर, प्रवासात, माणसांमध्ये वावरून चित्रे काढणाऱ्याने रोलीफ्लेक्सच घ्यावा. होमाई व्यारावाला यांनीही आपल्या वृत्तछायाचित्रणात तो वापरला होता. व्यक्तिचित्रांसाठी 150 मिमी सोनार ही लांब पल्ल्याची लेन्स हवी असेल, किंवा एकाच बैठकीत रंगीत आणि कृष्णधवल फिल्म आलटून पालटून वापरायची असेल, तर 500सी/एम या 500सीच्या सुधारित मॉडेलला पर्याय नाही. पैसे बेताचे असतील तर रोलीफ्लेक्ससारखाच दोन लेन्सांचा जपानी याशिका मॅट 124जी पाहावा; छिद्र थोडे लहान ठेवले तर त्याची चार भिंगांची लेन्स उत्तम चित्र देते.

कोणताही घ्या, एक सेकंदाची गती लावून कान द्या. शटर मध्येच रेंगाळले तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरा. लेन्सच्या मागून टॉर्च मारून बुरशीचे जाळे आहे का ते पाहा, कारण कोकण-मुंबईच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. हॅसलब्लाडच्या मॅगझिनवरील क्रमांकाचे शेवटचे तीन अंक आतल्या भागावरील अंकांशी जुळतात का, हेही पैसे देण्यापूर्वी तपासा.