क्यूबिटटॉरेंट: वर्षभर सीड करून झाल्यावर

बार्शीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये २२ मशीन आहेत, सगळ्यांवर डेबियन, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची लिनक्स प्रणाली. ती टाकायची फाइल, म्हणजे आयएसओ, मी नेहमी टॉरेंटनेच उतरवते (टॉरेंटमध्ये ज्यांच्याकडे फाइल आहे तेच ती तुकड्यातुकड्यांनी इतरांना देतात, या देण्याला सीड करणं म्हणतात) आणि उतरवून झालं की प्रोग्रॅम बंद करायचे. शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवू नये, हे लहानपणापासून ऐकलेली मी, इथं वाटीच परत करत नव्हते. गेल्या वर्षी जूनमध्ये कपाटात पडलेला रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर काढला, त्याला जुनी डिस्क जोडली आणि क्यूबिटटॉरेंट या टॉरेंट प्रोग्रॅमची बिनपडद्याची, ब्राउझरमधून चालवायची आवृत्ती टाकली. रेशो २ पर्यंत न्यायचा, म्हणजे जेवढं घेतलं त्याच्या दुप्पट द्यायचं, असं ठरवलं. (आवृत्ती ४.६.१ च्या आधीची असेल तर तिचा सुरुवातीचा पासवर्ड सगळ्या जगाला ठाऊक असतो. तो आधी बदला.)

महिन्याभराने पाहिलं तर रेशो ०.११.

मग जे सगळे करतात तेच मीही केलं. एकेक सेटिंग पिळत बसले. एका टॉरेंटमागे अपलोडच्या जागा, म्हणजे एका वेळी किती जणांना द्यायचं ते, ४ असतात, त्या ४० केल्या. त्याने एवढंच झालं की मिळालंच कुणाला तर थेंबथेंब मिळणार. त्या पुन्हा ४ केल्या. 'सुपर सीडिंग' हे नाव ऐकून तेही लावलं. ते असतं ज्याच्याकडे फाइलची एकुलती एक पूर्ण प्रत आहे त्याच्यासाठी. डेबियनच्या आयएसओला आधीच ढीगभर सीडर असतात, तिथं त्याचा काडीचा उपयोग नाही. रांगेची मर्यादा मात्र खरी अडचण निघाली. माझ्याकडे एका वेळी ३ च टॉरेंट सीड होत होते आणि बाकीचे ताटकळत होते. ती मर्यादा काढली.

खरं उत्तर पहिल्या दिवसापासून खालच्या पट्टीत दिसत होतं. तिथं एक छोटं चिन्ह असतं. माझ्याकडे ज्वाळा दिसायची, आणि मी ती शोभेची समजत होते. तिच्यावर माउस नेला तेव्हा कळलं की बाहेरून माझ्यापर्यंत थेट कुणी पोचूच शकत नाही. मी दुसऱ्याचं दार ठोठावू शकते, माझं दार मात्र बंद. आणि समोरच्याचंही बंद असेल तर दोघांची गाठ सहसा पडत नाही. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडला, तरी ज्वाळा तशीच. शेवटी राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, पाहिला, तर तो १०० पासून सुरू होणारा, पुढे ७२. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की समजायचं, एकच पब्लिक आयपी कंपनीने अनेक घरांत वाटलाय. तिथं घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, फाटक वरच बंद असतं.

केबलवाल्याला फोन केला. "मॅडम, नेट चालतंय ना? मग?" तीन फोन आणि एक खेप झाल्यावर वर्षाला १,२०० रुपये जास्त भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त माझा, न बदलणारा पत्ता मिळाला. त्या संध्याकाळी ज्वाळा गेली आणि हिरवं चिन्ह आलं. मी शेंगा सोलत बसले होते, तेवढ्यात अपलोडचा आकडा हलायला लागला.

दुसऱ्याच दिवशी क्लासच्या ऑनलाइन तासाला माझा आवाज तुटायला लागला. अपलोडची नळी पूर्ण भरली की डाउनलोडच्या पोचपावत्याही अडकतात. माझा प्लॅन दोन्ही बाजूंनी ४० एमबीपीएसचा. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, क्यूबिटटॉरेंट मात्र किलोबाइटमध्ये मोजतं (८ बिटांचा एक बाइट), म्हणजे तिथं तो आकडा साधारण ४,८८० होतो. त्याच्या ८० टक्के, ३,९०० वर मर्यादा घातली आणि क्लासच्या वेळेत ती वेळापत्रकाने ५०० वर आणली. वेळेनुसार वेग बदलायची ही सोय मला या प्रोग्रॅममधली सगळ्यात आवडती. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, एकही जाहिरात नाही. रास्पबेरी पाय जेमतेम ५ वॉट खातो, म्हणजे महिन्याला चारेक युनिट.

तरी नुसतं दार उघडून भागत नाही, गिऱ्हाईकही लागतं. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं. मी त्याच रात्री नेटइन्स्टॉलचा (बाकीचं नेटवरून घेणारा छोटा) आयएसओ, पाऊण जीबीच्या आसपासचा, घेऊन सीडला लावला. चार दिवसांत रेशो ९ च्या वर. ६ सप्टेंबरला १३.१ आलं आणि जुन्याकडे कुणी ढुंकून पाहीना. तेव्हा नवी आवृत्ती आली की जुनं टॉरेंट काढून नवं लावायचं, एवढं लक्षात ठेवावं लागतं. रेशोचे खोटे आकडे दाखवणारे प्रोग्रॅमही मिळतात. ज्याला फाइल द्यायचीच नाही त्याने हा खटाटोप करावाच कशाला, मला कळत नाही.

तक्रारी दोन. सेटिंगची पानं नवख्याला घाबरवतात. आणि ज्या चिन्हावर सगळं अवलंबून आहे ते इतकं बारीक, की माझ्यासारखी चष्मेवाली महिनाभर त्याच्याकडे पाहूनही पाहत नाही. पाचपैकी साडेचार.

इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहातली काही जुनी मराठी पुस्तकंही मी सीडला ठेवली आहेत. तिथल्या टॉरेंटना अर्काइव्हचे सर्व्हर स्वतःच फाइल पुरवतात, त्यामुळे माझ्याकडे येतो कोण? त्यांचा रेशो वर्षभरात ०.०३. ती तशीच चालू आहेत, डिस्कवर जागा आहे.