आई-बाबांच्या पीआरची ‘सुटलेली जागा’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

कॅनडात आई-बाबांना पीआरवर, म्हणजे कायमचं राहायच्या परवान्यावर, आणून देतो, आपल्याकडे जागा आहे, असं कोणी म्हणालं तर त्याला एक तारीख विचारा: ३ नोव्हेंबर २०२०. पालकांना स्पॉन्सर करायची इच्छा नोंदवण्याचा फॉर्म त्या दिवशी बंद झाला. १३ ऑक्टोबरला उघडला होता, त्यानंतर पुन्हा उघडलेला नाही. पुढे अर्ज करायची जी निमंत्रणं निघाली ती याच यादीतून, सोडत काढून. मला पीआर मिळाली २०२१ मध्ये, त्यामुळे या यादीत माझं नाव असायचा प्रश्नच नव्हता. मला विकली गेली ती याच यादीतली जागा.

२०२५ मध्ये सरकारने १७,८६० निमंत्रणं पाठवायचं जाहीर केलं आणि २८ जुलैपासून ती जायला लागली. त्याच सुमारास ओळखीच्या ओळखीतून एका मराठी गृहस्थाचा फोन आला. बोलणं एकदम घरचं. “दादा, निमंत्रण आलं तरी सगळे थोडेच अर्ज करतात? कुणाचं उत्पन्न बसत नाही, कुणाचे आईवडील राहिले नाहीत. त्या जागा सुटतात. त्यांचे कन्फर्मेशन नंबर आमच्याकडे असतात.” खरी मेख इथेच आहे. यातलं अर्धं खरं आहे. सरकारला त्या वर्षी १०,००० अर्जच घ्यायचे होते. बरेच जण अर्ज करत नाहीत म्हणूनच निमंत्रणं जास्त पाठवतात. पण सुटलेली जागा दुसऱ्याच्या नावावर होत नाही. ज्याने २०२० मध्ये फॉर्म भरला, त्यानेच स्पॉन्सर व्हायचं असतं.

लायसन्स मी तपासलं होतं. इमिग्रेशन कन्सल्टंटचं लायसन्स देणारी संस्था आहे, तिला ‘कॉलेज’ म्हणतात; तिच्या वेबसाइटवर सगळ्यांची यादी असते. त्याने दिलेला ‘आर’ने सुरू होणारा नंबर तिथे सापडला, नावही जुळलं. ते नाव त्याचं नव्हतं, एवढंच! खऱ्या कन्सल्टंटचं नाव आणि नंबर उचलून तो फिरत होता. म्हणून नाव जुळलं की थांबू नका. यादीत दिलेल्या ईमेलवर किंवा फोनवर स्वतः संपर्क करा आणि ‘माझं काम तुमच्याकडेच आहे ना’ असं विचारा. मी ते पुढे केलं तेव्हा पलीकडच्या बाईंनी सुस्कारा टाकला. त्यांना असे फोन आधीही आले होते.

‘फाइल उघडायचे’ म्हणून ४,००० डॉलर इंटरॅक ई-ट्रान्सफरने, म्हणजे बँकेतून ऑनलाइन, गेले, तेही तिसऱ्याच नावावर. “आमचा अकाउंटंट आहे तो.” इच्छा नोंदवण्याचा तो फॉर्म मुळात फुकट होता, आणि सरकारी फी निमंत्रणानंतर अर्जासोबत थेट सरकारच्या साइटवर भरायची असते. पैसे मिळाल्यावर व्हॉट्सॲपवर ‘निमंत्रण’ आलं. वर मेपलचं पान, खाली सही, आणि माझं नाव बाकी मजकुरापेक्षा किंचित जाड टाइपात. त्यात लिहिलं होतं की मी ऑक्टोबर २०२० मध्ये इच्छा नोंदवली. तेव्हा मी भारतात होतो आणि कॅनडाचा व्हिसासुद्धा माझ्याकडे नव्हता.

त्याने काय विचारलं नाही, हेही सांगायला हवं. लागोपाठ तीन वर्षांच्या उत्पन्नाचे टॅक्सचे कागद त्याने एकदाही मागितले नाहीत. पालकांची आर्थिक जबाबदारी २० वर्षं आपल्यावर राहते, क्वेबेकमध्ये १०, हे तो बोललाच नाही. आणि प्रतिनिधी म्हणून स्वतःचं नाव फॉर्मवर घालायला तर साफ नकार. “तुमच्याच नावाने जाऊ दे दादा, लवकर होतं.” खरा कन्सल्टंट या कंटाळवाण्या गोष्टींपासूनच सुरुवात करतो.

मग त्याने धाकट्या भावाचा विषय काढला. भाऊ २४ वर्षांचा, ठणठणीत. पालकांसोबत अवलंबून असलेलं मूल म्हणून यायचं तर वय २२ च्या आत आणि अविवाहित असावं लागतं. अपवाद अशा मुलाचा, जो शारीरिक किंवा मानसिक आजारामुळे स्वतःचं पोट भरू शकत नाही. “डॉक्टरचं सर्टिफिकेट मी आणून देतो, फक्त २,००० वाढतील.” तिथे मी फोन ठेवला. खोटी माहिती पकडली गेली तर पाच वर्षं बंदी, आणि ती भोगायची आम्ही. अर्जावर याचं नाव कुठेच नव्हतं.

बँक म्हणाली, ई-ट्रान्सफर समोरच्याने जमा करून घेतला की तो परत फिरवता येत नाही. पोलिसांत, कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे आणि त्या कॉलेजकडे तक्रार केली आहे. पैशांची आशा सोडली. आई-बाबांच्या पासपोर्टच्या आणि जन्मदाखल्यांच्या प्रती मात्र त्याच्याकडे आहेत. म्हणून माझ्या किंवा त्यांच्या वतीने अर्ज करायचा अधिकार कोणालाही दिलेला नाही, असं इमिग्रेशन खात्याला त्यांच्या वेबफॉर्मवर लेखी कळवलं. तुमचेही कागद असे कुठे गेले असतील तर हे आधी करा.

आता सुपर व्हिसाचे, म्हणजे आई-वडिलांना भेटीसाठी मिळणाऱ्या लांब मुदतीच्या व्हिसाचे, कागद जमवतोय, स्वतःच. त्यावर पीआर मिळत नाही, पण एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. किमान १ लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो. बाबांना मधुमेह आहे, त्यामुळे हप्त्याचा आकडा ऐकून घाम फुटला. तीन कंपन्यांचे दर मागवलेत.